सातची उपासना

उद्यमबागच्या फाउंड्रीत मी पंचवीस वर्षं साचे भरले.
वाळूत हवा राहिली की लोखंडात पोकळी राहते,
बाहेरून दिसत नाही.
आम्ही तिच्यात पुट्टी भरायचो, वर ग्रॅफाइट चोळायचो,
तपासनीस चहाला गेला की पेटीवर शिक्का.
हे आत्ता सांगतोय, कारण
चर्चमध्ये धडाही मीच वाचायचो,
स्वच्छ आवाजात, प्रत्येक विराम सांभाळून.

मरण-फंडाची वही माझ्याकडे होती.
घरटी महिना वीस रुपये, निळ्या शाईत नावं.
त्यातले अठरा हजार मी मटक्यावर लावले.
पोरगी आजारी नव्हती. छप्पर गळत नव्हतं.
कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.
नुसता आकडा लागेल असं वाटायचं,
रोज, संध्याकाळी सहाच्या सुमाराला.

मग श्रावणात रुथाबाईंचा नवरा गेला.
'पैसे पुण्याच्या ऑफिसात अडकलेत,' मी म्हणालो.
पेटीच्या फळ्या तिनं शहापुरातून उधारीवर आणल्या.
कबरस्तानात चिखल होता.
पेटी खाली सोडताना
दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं.
अजून आहे.

त्यानंतर दर रविवारी ओव्हरटाइम.
पंधरा महिने.
बायकोला म्हणायचो, ऑर्डर आहे.
जेवणाआधी डोळे मिटायचो, ते पोरीला दिसावं म्हणून.
आत कुणी नसायचं.
किंवा असायचं, आणि मी
त्याच्याकडे पाठ करून घास मोडायचो.

एका रविवारी वीज गेली, भट्टी बंद.
पाय आपसूक कॅम्पाकडे वळले.
मराठी उपासना नऊला.
मी सातला गेलो, कानडीला,
जिथं मला कुणी ओळखत नाही
आणि मला निम्मं कळत नाही.
दाराजवळचा बाक.
पाळकसाहेब काय सांगत होते, ठाऊक नाही.
बाजारात कानावर पडलेले शब्द तेवढे ओळखीचे:
दारी म्हणजे वाट, बा म्हणजे ये.
'बा' फार वेळा आला.
आणि 'करुणे',
आपल्याच करुणेला तिकडचा हेल.
हा शब्द मी वर्षानुवर्षं वाचला होता,
वाचला म्हणजे उच्चारला होता.
परक्या तोंडून आला, तेव्हा
थंड झालेला साचा कुणी हातोड्यानं फोडावा तसं झालं,
वाळू पायांशी, पुट्टी गळालेली,
पोकळी उजेडात.
रडलो म्हणणं जास्त होईल. नाक वाहत होतं,
रुमाल नव्हता.
शेजारच्या म्हाताऱ्यानं
(समुवेलप्पा हादिमनी, नाव नंतर कळलं)
काही न विचारता
पंचाचं टोक पुढं केलं.

मी उठलो नाही. नऊ वाजत आले.
रुथाबाई गीतपुस्तकं मांडायला आल्या.
उभ्यानंच सांगितलं, रकमेसकट.
त्यांनी रांग पुरी केली, मग म्हणाल्या,
'ठाऊक होतं की रे मला.
पुण्यात कुठलं आलंय आपलं ऑफिस?
दोरी धरलेलास तवा तुझे हात थरथरूलालते.
मी म्हटलं, हा येतोय परत.
खरं, पंधरा म्हैने लावशील असं नव्हतं वाटलं.'

जरा थांबून:
'वही आता माझ्याकडं हाय. म्हैन्याला पाचशे.
माफीचं मी सावकाश बघतो.
देवाचं त्याला विचार,
तो माझ्याएवढा हट्टी न्हाई.'

सोमवारी तीन नग मी बाजूला काढले, पुट्टी न भरता.
सुपरवायझर ओरडला. ओरडू दे.
दुपारी ते पुन्हा भट्टीत गेले.
भट्टीनं विचारलं नाही, कितव्यांदा.

आता मी दोन्ही उपासनांना जातो.
सातला कळत नाही ते नऊला कळतं,
कधी उलटही.
धडा दुसरं कुणी वाचतं, अडखळत, छान.

पगाराच्या रविवारी पाचशेची नोट दिली.
रुथाबाईंनी चष्मा लावला,
माझं नाव लिहिलं, रक्कम लिहिली,
पुढं लिहिलं, पस्तीस बाकी.
आणि शाई वाळेपर्यंत
वही उघडीच ठेवली.